चावडीवर बसायला वेळ कोणाला?

तिसऱ्या वर्षाला सेमिनार नावाचं एक प्रकरण असतं. आपण विषय निवडायचा, गाईडने तो नाकारायचा आणि मग गाईडने सुचवलेला विषय जणू शाळेपासून आपल्या मनात घोळत होता अशा थाटात वर्गासमोर मांडायचा, अशी त्याची रीत आहे. माझ्या वाट्याला आला 'इंटरनेटचा कारभार'. म्हटलं, ठीक आहे. चार आकृत्या, वीस स्लाइड्स, शेवटी 'थँक यू', की सुटले! पण वाचायला बसले आणि लक्षात आलं की या विषयात मशीन कमी आणि माणसंच जास्त आहेत. त्यातली बरीचशी दमलेली.

मशीन बघायची तर लांब जायला नको. आपल्या पनवेललाच हिरानंदानी फॉर्च्यून सिटीमध्ये योट्टा कंपनीचं 'एनएम-वन' हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. कोरोनाच्या ऐन धामधुमीत, बरं का! इंटरनेट इंटरनेट म्हणतात ते शेवटी असल्याच इमारतींमध्ये, थंड हवेत, रॅक्समध्ये राहतं. पण त्या रॅक्सनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं, आयपी ॲड्रेसचे गठ्ठे कोणाला किती द्यायचे, 'डॉट कॉम'च्या जोडीला आणखी कोणती नावं चालू द्यायची, हे नियम त्या इमारतीचा मालक ठरवत नाही आणि दिल्लीचं सरकारही एकटं ठरवत नाही. नावांचं काम आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था बघते. आपल्या आशिया-पॅसिफिक भागातले आकडे ॲपनिककडे. आणि प्रोटोकॉल ठरतात आयईटीएफमध्ये, जी १९८६ पासून भरते आहे. तिन्हीकडे रीत साधारण एकच. कोणीही या, प्रस्ताव लिहा, बाकीचे त्यावर वाद घालतील, आणि बहुतेकांचं पटलं की नियमाची गाडी पुढे सरकेल. आयईटीएफला तर सभासदत्वच नाही. मतदानही नाही. एखाद्या मुद्द्यावर खोलीचा कल बघायचा तर अध्यक्ष म्हणतात, पटतंय त्यांनी गुणगुणा. आणि मोठमोठे इंजिनिअर तोंड मिटून 'हम्म्म' करतात! (हे मी सेमिनारमध्ये करून दाखवलं. मागच्या बाकांवरून इतका मोठा 'हम्म्म' आला की सर म्हणाले, नेक्स्ट स्लाइड.)

ऐकायला हे फार गोड आहे. कोणीही या! पण जरा हिशेब करून बघा. प्रस्ताव लिहायला एका माणसाची एक संध्याकाळ लागते. तो वाचायला, त्यातली मेख शोधायला आणि 'नाही' म्हणायचं असेल तर नीट कारण देऊन 'नाही' म्हणायला दहा माणसांच्या दहा संध्याकाळी जातात. लिहिणारे वाढत जातात आणि वाचणारे तेवढेच राहतात.

मला हे चटकन पटलं त्याला कारण आमचं हॉस्टेल. मुलींच्या हॉस्टेलमधलं वाय-फाय कॉलेज देतं, पण ते चालवतो आम्ही. कोणाच्या लॅपटॉपची नोंदणी करायची, रात्री बारानंतर स्पीड कसा वाटायचा, सबमिशनच्या आठवड्यात गेमिंग बंद ठेवायचं का, हे पाच मुलींची कमिटी ठरवते. पगार नाही, मार्क नाहीत. वर्षाच्या शेवटी एक सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. वॉर्डन मॅडमच्या ऑफिसबाहेर दोरीला एक सूचना वही बांधलेली आहे. गेल्या सेमिस्टरला त्या वहीत एकसष्ट सूचना झाल्या. आणि पाचपैकी एकीला केटी लागली, एक इंटर्नशिपला गेली, एकीला घरून सांगितलं की हे उद्योग बंद कर. चौथी नावापुरती. राहिली आमची सीनियर ताई, माझी रूम पार्टनर.

ताईला मी जवळून बघत होते. सकाळी बादली घेऊन ती बाथरूमच्या रांगेत उभी असायची आणि मागून कोणीतरी म्हणायचं, "ताई, नेट स्लो आहे गं." मेसमध्ये पोळी वाढून घेताना तेच. रात्री दीड वाजता दारावर टकटक, "ताई, झोपलीस का?" झोपलेली असली तरी उठायची. हळूहळू ती मोबाइल कपाटात, स्वेटरच्या खाली ठेवायला लागली. मला म्हणाली, रिंग वाजली की पोटात गोळा येतो. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिने स्विचच्या रॅकची किल्ली वॉर्डन मॅडमना दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत झोपली. मी विचारलं, कोणाशी भांडण झालं का? तर म्हणाली, "नाही गं. भांडण झालं असतं तर बरं होतं. निदान एकीशी तरी बोलणं बंद झालं असतं."

तर अशा मनःस्थितीत मी आयकॅनचे अहवाल वाचत होते. ते वाचून मला हसायलाही येत होतं आणि धीरही येत होता. जगाची नावं सांभाळणाऱ्या संस्थेचीसुद्धा एक सूचना वही आहे! आपला कारभार नीट चाललाय का हे तपासायला आयकॅन ठरावीक काळाने समाजातल्याच लोकांच्या समित्या नेमते. २०१८ मध्ये स्पर्धा आणि ग्राहकांचा विश्वास या विषयावरच्या समितीने ३५ शिफारशी दिल्या. २०१९ मध्ये 'हूइज' म्हणजे नावं कोणाच्या मालकीची आहेत त्या नोंदींवरच्या समितीने २२. जानेवारी २०२१ मध्ये सुरक्षेवरच्या समितीने ६३. नुसती बेरीज केली तरी १२०, आणि उत्तरदायित्वावरच्या मोठ्या कामातून आलेल्या आणखी कितीतरी यात धरलेल्याच नाहीत. सुरक्षेच्या त्या ६३ चं काय झालं बघा. जुलै २०२१ मध्ये आयकॅनच्या संचालक मंडळाने १३ मंजूर केल्या, १६ नाकारल्या आणि ३४ 'प्रलंबित' म्हणून बाजूला ठेवल्या. प्रलंबित! हा शब्द आपल्या कॉलेजच्या ऑफिसात रोज ऐकू येतो, पण तो जगभर चालतो हे मला नव्याने कळलं.

मधल्या काळात, २०२० मध्ये, आणखी एका समितीने अहवाल दिला. तिची नेमणूक उत्तरदायित्व आणि पारदर्शकता तपासायला झाली होती. तिने फक्त पाच शिफारशी केल्या, आणि त्यातली एक मोठी शिफारस अशी की आधीच्या शिफारशींचा ढीग समाजानेच एकत्र बसून लावावा, कोणतं आधी कोणतं नंतर ते ठरवावं, आणि ज्यांचा आता उपयोग नाही त्या सरळ काढून टाकाव्यात. मला ही समिती आवडली. इतकं वाचून झाल्यावर नवीन काही न सुचवता 'आधी हे आवरा' असं सांगायला धाडस लागतं. आमच्या वहीत असं कोणी लिहिलं नव्हतं.

आपल्या ब्रँचच्या मुलांना पटावं म्हणून पायथॉनचं उदाहरण देते. पायथॉनमध्ये काही नवं आणायचं तर 'पेप' नावाचा प्रस्ताव लिहावा लागतो. २०१८ मध्ये पेप ५७२ आला. मुद्दा केवढा, तर कोलन आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह, एवढं एक ऑपरेटर भाषेत घ्यावं का. त्यावर इतका वाद झाला, इतका झाला, की ज्याने ती भाषा निर्माण केली तो गीडो व्हान रॉसम १२ जुलै २०१८ ला पायउतार झाला. प्रस्ताव मंजूर करून मग गेला! एका प्रस्तावासाठी इतकं भांडायचं आणि वर इतक्या लोकांना आपला निर्णय नकोसा व्हायचा, हे पुन्हा नको, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. जवळजवळ तीस वर्षं ज्याचा शब्द शेवटचा होता, त्याला दोन चिन्हांनी दमवलं. त्यानंतर पायथॉनवाल्यांनी एका माणसाच्या जागी पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ बसवलं. २०१९ पासून ते काम बघतं.

दमणं म्हणजे केवळ एका माणसाचं दुखणं नव्हे, हेही याच वाचनात समजलं. या सभांमध्ये सगळेच फुकट काम करतात असं नाही. पुष्कळांना त्यांची कंपनी त्यासाठीच पगार देते, विमानाचं तिकीट देते. मग आयकॅनमध्ये एखादं काम वर्षानुवर्षं चाललं (नवीन नावांच्या नियमांचं काम २०१६ ला सुरू झालं ते २०२१ ला अहवालापर्यंत आलं), दर आठवड्याला फोनवर मीटिंग, तीही आपल्याकडे अपरात्री, तर शेवटपर्यंत टिकणार कोण? प्रोफेसर, विद्यार्थी, छोट्या संस्थेतला कार्यकर्ता एकेक करून गळतो. पगारी माणूस टिकतो. दार सगळ्यांसाठी उघडंच असतं, पण नियम ठरताना खोलीत कोण उरलंय ते बघायला हवं.

याचा मराठीशी काय संबंध, असं मराठी विभागाचे संपादक विचारतील. संबंध आहे, आणि तो मेसपर्यंत पोहोचतो. मी कॉन्व्हेंटमधली. मराठी आमच्याकडे थर्ड लँग्वेज, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीची भाषा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक आहे हे मला कॉलेजात येऊन कळलं. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात आपले मेसचे काका आहेत. नोटीस बोर्डावर र चुकला तर मीठ जास्त झाल्याची तक्रार थेट प्रिन्सिपॉल सरांकडे जाईल. तसंच दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा आडवा, पापणीसारखा र हिंदीवाल्यांना लागत नाही, आपल्याला लागतो.

आता 'डॉट'च्या उजवीकडे देवनागरीत नाव यायचं असेल, तर त्यात कोणती अक्षरं कोणत्या क्रमाने चालतील याचे नियम आधी लिहावे लागतात. ('डॉट भारत' हे देवनागरीत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं. पुढच्या सगळ्या नावांसाठी पक्की नियमावली हवी होती.) हे काम आयकॅनच्या व्यवस्थेत निओ-ब्राह्मी जनरेशन पॅनल नावाच्या गटाने केलं. भाषातज्ज्ञ आणि इंजिनिअर मंडळींचा हा गट. नऊ लिप्या त्यांच्याकडे होत्या, आणि एकट्या देवनागरीतच हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो अशा कितीतरी भाषा. २०१५ मध्ये गट बसला, देवनागरीचे नियम २०१९ मध्ये मूळ नियमावलीत गेले. अडचण अशी होती की आपला तो पापणीचा र कॉम्प्युटरवर उमटवायला पुष्कळदा एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात, आणि न दिसणारी चिन्हं त्या नियमावलीत चालतच नाहीत. का, ते उघड आहे. डोळ्याला सारखी दिसणारी दोन नावं झाली की फसवाफसवीला रान मोकळं. म्हणून नुक्तावाल्या 'ऱ'ला हलन्त जोडून तो र लिहायची वाट घेतली. मेसचे आचारी वाचले! पण विचार करा, एवढ्याशा र साठी कोणीतरी किती कागद वाचले असतील. मी आमच्या वर्गात विचारलं, या पॅनलचं नाव कोणी ऐकलंय का. एकही हात वर झाला नाही. माझाही सेमिनारआधी झाला नसता.

याहून जवळचं उदाहरण मराठी विकिपीडियाचं. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, तो सुरू झाला. आज त्यात सुमारे एक लाख लेख आहेत. तिथे चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हणतात, निर्णयासाठी मतं मागवायच्या पानाला 'कौल', आणि सांभाळणाऱ्या मंडळींना 'प्रचालक'. हे शब्द ज्याने ठेवले त्याला माझा नमस्कार, इतके चपखल बसलेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते, आणि प्रचालक मात्र दोन हातांच्या बोटांवर मोजावेत इतके. चावडीवर जाऊन बघा. गावकऱ्यांच्या गप्पांपेक्षा जास्त जागा परदेशातून आलेल्या इंग्रजी निवेदनांनी अडवलेली दिसते. या धोरणावर मत द्या, त्या निवडणुकीत मत द्या, हा मसुदा वाचा, आणि वर प्रेमळ विनंती की कृपया आपल्या भाषेत भाषांतर करून द्या! २०१९ मध्ये विकिमीडियाच्या पुढच्या धोरणासाठी नऊ गटांनी मिळून ८९ शिफारशी लिहिल्या होत्या. पुढे त्या १३ वर आणल्या आणि मे २०२० मध्ये १० वर. इंग्रजीवाल्यांकडे हजारो लोक आहेत, ते वाचतील. पण मराठीत ज्या चौघांनी ८९ वाचायच्या, तेच चौघं शिवाजी महाराजांच्या लेखावर कोणी काही खोडसाळ लिहून गेलं तर ते पुसणार, आणि तेच चौघं कॉलेजांतल्या कार्यशाळांनंतर उगवलेले दोन-दोन ओळींचे लेख नीट करत बसणार. अशा कार्यशाळेला मी गेले आहे. चाळीस मुली होत्या आणि शिकवायला एक दादा आले होते. दुपारी सगळ्यांचे फोटो निघाले. त्या चाळीस लेखांकडे नंतर रात्री बसून बघणारे बहुधा तेच एक दादा असणार.

माझ्या आजोळी ग्रामसभेचं असंच असतं. कायद्याने वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, जो आकडा कमी असेल तेवढी. तेवढी जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अटच नाही! मग जे सात-आठ जण येतात त्यांनी ठरवलेलं सगळ्या गावाने ठरवलेलं धरायचं. आजोबा म्हणतात, "पहिल्या सभेला जो येतो तो हौशी, दुसऱ्या सभेला येतो त्याचं काहीतरी काम असतं." आयकॅनचा सगळा अहवाल वाचून मी जे शिकले ते आजोबांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं होतं.

आणि दमलेल्या माणसाच्या शेजारी मदतीचा हात घेऊन कोण येऊन उभं राहील, तेही सांगता येत नाही. 'एक्सझेड' नावाचं फाइल दाबून लहान करायचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. जगभरच्या लिनक्स मशीनवर ते असतं. ते सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा, विनामोबदला. २०२२ मध्ये लोक त्याच्या मागे लागले, काम हळू चाललंय, दुसऱ्याला दे. त्याने लिहिलं की तब्येतीचे, मनाचे प्रश्न आहेत, आणि हे मी हौसेने करतो. तेव्हा एक फार कामसू मदतनीस पुढे आला. दोन वर्षं नीट काम केलं, विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच नावाने त्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने ते जगासमोर आणलं. अर्धा सेकंद! आपल्या हॉस्टेलच्या नेटवर तो सापडलाच नसता.

आता पुन्हा वहीकडे वळते, कारण ताईने किल्ली दिल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली. रूम पार्टनर ना, मग तुला सगळं माहीत असणार! मी लगेच हो म्हटलं नाही. आधी ती एकसष्ट सूचनांची वही एका रविवारी खोलीत आणली आणि मांडून बसले. एकसारख्या सूचना एकत्र केल्या तर एकसष्टच्या सतरा झाल्या. त्यातल्या नऊ कमिटीच्या हातातच नव्हत्या. कॉलेजने घेतलेली लाइनच जेवढी आहे तेवढी आहे, ती आम्ही कशी वाढवणार? उरल्या आठ. म्हणजे ताईने चार महिने जे डोंगर म्हणून डोक्यावर वाहिलं, ते एका रविवारी आठ ओळींत बसलं. पण तो रविवार तिला कधी मिळालाच नाही, कारण दारावरची टकटक थांबत नव्हती.

मग मी आमच्या सभेत अटी ठेवल्या. सभा मेसमध्ये, जेवणानंतर. एकशे चाळीस मुलींपैकी तेवीस आल्या. ग्रामसभेच्या हिशेबाने गणपूर्ती झाली, मी खूश! पहिली अट मी आयईटीएफकडून उचलली होती. तिथे कोणीही मसुदा टाकू शकतं, पण सहा महिन्यांत तो सुधारून पुन्हा टाकला नाही, की तो आपोआप मुदतबाह्य होतो. कोणाला 'नाही' म्हणावं लागत नाही, कोणी दुखावत नाही. मी म्हटलं, आपल्या वहीतल्या सूचनेचंही आयुष्य एक सेमिस्टर. पुढच्या सेमिस्टरला हवी असेल तर पुन्हा लिहा.

यावर फर्स्ट इयरची एक मुलगी उठली. म्हणाली, "मग सत्तेचाळीस नंबरचं काय?" मी वही उघडली. सत्तेचाळीस तिचीच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोल्यांत सिग्नल येत नाही, कारण भिंतीवरच्या डब्यासमोर कोणीतरी लोखंडी कपाट आणून ठेवलंय, एवढंच तिने लिहिलं होतं. वरती सूचना होती 'नेट फास्ट करा' आणि खालती 'नेट फास्ट करा प्लीज'. अख्ख्या वहीतली सगळ्यात कामाची सूचना चार महिने त्या दोघींच्या मध्ये पडून होती. माझ्या नियमाने ती मुदतबाह्य होऊन मेली असती आणि कोणाला कळलंही नसतं. मुलगी खाली बसली तेव्हा मेसमध्ये कोणीच काही बोललं नाही. कपाट दुसऱ्या दिवशी चौघींनी मिळून सरकवलं. पाच मिनिटं लागली.

म्हणून पहिली अट बदलली. सूचनेवर दुसऱ्या खोलीतल्या एका मुलीचीही सही हवी, आणि महिन्यातून एकदा कमिटीने सगळी वही मोठ्याने वाचायची, मगच मुदत. आयकॅनमध्येही नियम करणाऱ्या गटांनी २०१८ ते २०२० या काळात स्वतःची घडी अशीच पुन्हा बसवली. कामाचा आवाका आधीच आखून घ्यायचा, आणि 'कोणीही या'च्या जागी प्रत्येक बाजूचे ठरावीक प्रतिनिधी बसवायचे. त्याने कामं आटोक्यात येतात, पण सत्तेचाळीस नंबरवाली मुलगी मग कोणाची प्रतिनिधी? याचं उत्तर मला त्यांच्या कागदांत सापडलं नाही.

दुसरी अट एकमताने झाली. आठवड्याला एकीची पाळी, तिलाच विचारायचं, तेही रात्री आठ ते दहा. बाथरूमच्या रांगेत नेटचा विषय काढायचा नाही. हिला टाळ्या पडल्या. बहुतेक सगळ्यांनी ताईकडे बघून वाजवल्या. ताई मागे बसून दही-भात खात होती.

तिसरी मात्र अडकली. मी म्हटलं, कमिटीत एक वर्ष, त्यानंतर थांबता येणार नाही, कितीही चांगली असली तरी. वॉर्डन मॅडमना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, कुठे काय ते समजायलाच मुलीला सहा महिने लागतात, शिकली की घालवायची का? त्यांचा मुद्दा खोटा नाही. स्विचच्या मागच्या वायरी कोणत्या खोलीच्या, हे ताई डोळे मिटून सांगते. मला तीन दिवस लागले, तेही तिच्या शेजारी उभं राहून. पण मी अट सोडली नाही. ताईला जाता आलं ते पूर्ण दमल्यावर, किल्ली परत करून, सगळ्यांना चुटपुट लावून. तारीख आधीच ठरलेली असती तर ती फेब्रुवारीत प्लेसमेंटचा अभ्यास करत असती आणि पुढच्या मुलीला वायरी आनंदाने दाखवत बसली असती. मतदान झालं. बारा विरुद्ध अकरा, अट पडली. सर्वांच्या आग्रहावरून शेवटी 'इच्छा असल्यास' एक वर्ष, असं झालं. मी माझ्यापुरती तारीख लिहून टाकली आहे. पुढच्या वर्षीचा ३१ मार्च, वहीच्या पहिल्या पानावर, सहीसकट. वॉर्डन मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय.

हा अंक हातात पडेल तोवर नवीन फर्स्ट इयरच्या मुली आलेल्या असतील. त्यांच्यासाठी : नोंदणी शनिवारी सकाळी, लॅपटॉप आणि आयकार्ड घेऊन या. कपाटं भिंतीवरच्या डब्यासमोर ठेवू नका. वही ऑफिसबाहेर दोरीला आहे, जिची सही हवी तिला सोबत आणा. पेन आपापलं आणायचं, तिथलं कोणीतरी नेलंय.